थेंब ओव्हरफ्लोचा, रोग बाथरूममध्ये

एक जुना बॉलकॉक माझ्या पिशवीत पडून आहे. टाकी भरली की गोळा वर तरंगून येणारं पाणी बंद करतो तो, पितळेचा, दांड्याला प्लास्टिकचा गोळा. पिशवी साफ करताना दोनदा हातात आला आणि दोन्ही वेळा परत आत टाकला.

तो ज्या घरातला, त्या घराच्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतलं जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून रात्री पाणी ठिबकायचं. पहिल्या खेपेला मी तिथे वीस मिनिटंही थांबलो नसेन. ओव्हरफ्लो ठिबकतो म्हणजे बॉलकॉक गेला, हे आमच्या धंद्यातलं पाठांतर. दहातल्या नऊ वेळा खरंही निघतं. आतल्या रबरी वायसरला खाच पडलेली असते, नाहीतर वायसर जिथे टेकतो त्या बसकीवर वाळूचा कण अडकलेला असतो, नाहीतर गोळ्याला चीर जाऊन आत पाणी शिरलेलं असतं. गोळा कानाशी धरून हलवला की कळतं. इथे हलवला तर आवाज नव्हता. वायसरवर खाच होती, पण जेमतेम. तरी नवा बॉलकॉक बसवला, पैसे घेतले, निघालो.

चार दिवसांनी काकांचा फोन. "अरे, ठिबकतंच आहे."

दुसऱ्या खेपेला दांडा खाली वाकवला, म्हणजे पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून चांगलं चार बोटं खालीच बंद व्हावं. काका म्हणाले, रात्री दहानंतर सुरू होतं आणि पहाटे थांबतं. त्यात मला नवल वाटलं नाही. त्या भागात दिवसा मेन लाइनला दाबच नसतो, टाकी रात्रीच भरते. मग बॉलकॉक गळणार तोही रात्रीच. सगळं जुळत होतं, आणि तिथेच मी फसलो.

तिसरा फोन काकूंचा. त्या काही रागावल्या नाहीत. "दादा, पाणी पुन्हा पार वरपर्यंत आलंय बघा," एवढंच म्हणाल्या.

पार वरपर्यंत? दांडा चार बोटं खाली वाकवलेला असताना? बॉलकॉक गळत असता तर शक्य होतं, पण हा नवा होता, माझ्या हाताने बसवलेला. त्या रात्री सव्वादहाला मी गच्चीवर गेलो. काका बॅटरी धरून मागे.

टाकीचं झाकण उघडलं. गोळा पाण्यात बुडून वर रेटलेला, दांडा ताणून बसलेला. बॉलकॉकचं तोंड पुसून तिथे कोरडा कागद धरला आणि पाच मिनिटं तसाच धरून ठेवला. ठणठणीत कोरडा. खाली ओव्हरफ्लोचा थेंब मात्र चालूच, सेकंदाला एक. किरकोळ वाटतं, पण त्याचे दिवसाला चार लिटरच्या वर होतात. खात्रीसाठी टाकीत येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्हच बंद केला. थेंब थांबला नाही.

काका म्हणाले, "मग पाणी येतंय कुठून? आभाळातून?"

खाली उतरून मीटर पाहिला. काचेखाली एक बारीक लाल चांदणी असते, अगदी थोडं पाणी गेलं तरी फिरते. घरातले सगळे नळ बंद, टाकीची लाइन बंद, आणि चांदणी फिरत होती. सावकाश, पण न अडखळता. म्हणजे मेन लाइनचं पाणी दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने घरात शिरत होतं.

पुन्हा वर. या वेळी टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला. मनात म्हटलं, हा तर जाण्याचा रस्ता, इथून येणार काय? दहा मिनिटांत थेंब विरळ होत गेला आणि थांबला. व्हॉल्व्ह उघडला, थोड्या वेळात पुन्हा सुरू. टाकी खालून भरत होती. इतकी वर्षं या कामात आहे, पण असं पहिल्यांदा पाहिलं.

दाब मोजायचं घड्याळ स्वयंपाकघराच्या नळाला लावलं. तो नळ मेन लाइनवर थेट होता. काटा दीड किलोवर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दीड किलो दाब. टाकीतलं पाणी तिथून सात मीटर उंच असेल. दहा मीटर उंचीला एक किलो धरलं तर टाकीचा दाब पाऊण किलोच्या आतच. दीड किलोला टाकीच्या लाइनमध्ये शिरायची फट मिळाली, की ते टाकीपर्यंत चढणारच. फट कुठे आहे, एवढंच शोधायचं होतं.

ती मला अक्कलहुशारीने सापडली असं म्हणता येणार नाही. हात ग्रीसने माखले होते म्हणून बाथरूमबाहेरच्या बेसिनवर धुवायला गेलो. थंडचा नळ सोडला आणि हाताला कोमट पाणी लागलं.

आत जाऊन पाहिलं. भिंतीवर मिक्सर, गरम आणि थंड दोन्ही चाव्या उघड्या. हँड शॉवर हुकला लटकलेला, त्याची अंगठ्याने दाबायची कळ बंद. त्याची नळी मात्र दाबाने ताठ, बोटाने दबत नव्हती. पाणी शॉवरमधून बाहेर पडत नव्हतं, पण मिक्सरच्या पोटात गरम आणि थंड लाइन एकमेकींना मोकळ्या होत्या. गरम लाइन गिझरची, आणि गिझर जोडलेला थेट मेन लाइनवर. स्वयंपाकघराचा पाइप भिंतीपलीकडूनच जात होता, ज्याने काम केलं त्याने चार हात पाइप वाचवून तिथूनच कनेक्शन मारलं. थंड लाइन टाकीची. दोन वेगळे दाब एका मिक्सरवर आणायचे आणि मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्हसुद्धा टाकायचा नाही! असं काम करणारे पैसे घेऊन पुढच्या साइटवर जातात, निस्तरायला आमच्यासारखे. आणि मेन लाइनचा दाब उतरल्यावर एखाद्या जोडणीत हेच उलटं झालं, तर टाकीतलं शिळं पाणी सगळ्यांच्या लाइनमध्ये जाऊ शकतं.

दोन्ही चाव्या बंद केल्या आणि मीटरकडे गेलो. चांदणी थांबली होती.

"हा शॉवर कधी बसवला?" मी विचारलं.

"झाले दोन महिने."

"आणि ठिबकायला लागून?"

काका बघतच राहिले. त्यांचा मुलगा आतून म्हणाला, एकदा हवं तसं कोमट जमलं की रोज चाव्या कोण जुळवत बसणार, कळ दाबली की काम होतं. बरोबरच आहे त्याचं. तो रात्री नऊला आंघोळ करायचा, आणि पहाटे उठून काकू चाव्या नीट बंद करायच्या. दोन महिन्यांत घरात नवीन काय बसवलं, हा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर गच्ची चढावी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी गिझरची जोडणी टाकीच्या लाइनवर घेतली. गरम-थंड दोन्हींना आता सारखाच दाब. त्या कामाचे पैसे काकांनी मोजून हातात दिले आणि सहज विचारलं, "म्हणजे तो आधीचा बॉलकॉक चांगला होता का रे?"

आदल्या रात्रीच मी तो घरी नळीला जोडून बादलीत सोडून पाहिला होता. गोळा तरंगला, दांडा उचलला गेला, धार तुटली. नंतर एक थेंबही पडला नाही.

"वायसरला थोडी खाच होती, काका," मी म्हणालो.

खाच होती, हे खरं.