स्लॅशर, रोटावेटर आणि काकांचं गवत

वडील गेल्यानंतर आठ वर्षं आमच्या माळावर कुणी विळा लावला नव्हता. नोकरी ठाण्यात आणि जमीन मुरबाडला, अशा घरांत होतं तेच आमचं झालं. खाली भाताची खाचरं काका लावायचे. वरचा वरकस माळ, सातबाऱ्यावर 3 एकर 12 गुंठे, तसाच पडून होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर बांधावरून आत शिरायला वाट सापडेना. कमरेच्या वर कुसळी गवत, मधे मधे घाणेरीची बेटं, उताराला रानमोडी आणि करवंदाच्या जाळ्या. पँटला चिकटलेली कुसळं ठाण्यात परतल्यावर रात्री बारापर्यंत काढत बसलो होतो.

गावात ज्याला विचारलं तो एकच सांगे, "जेसीबी घाल, दोन तासांत काम." काकांचंही तेच म्हणणं. मी जवळजवळ सांगून टाकलंच होतं, पण शेजारचा माळ डोळ्यांसमोर होता. त्यांनी आदल्या उन्हाळ्यात जेसीबीने झाडोरा खरवडला, आणि झाडोऱ्याबरोबर वरची वीतभर मातीही ढिगात गेली. आमच्याकडे मातीच मुळात वीतभर, खाली लगेच मुरूम. पहिल्याच पावसाळ्यात उरलेलं ओढ्याला गेलं आणि आता तिथे गवतसुद्धा धड येत नाही. म्हणून जेसीबी नको म्हटलं आणि रोटावेटर बोलावला. ही माझी चूक, काकांची नाही.

रोटावेटर नांगरलेली ढेकळं फोडायला असतो, उभं रान कापायला नाही, हे मला वीस मिनिटांत कळलं. लांब गवत आणि वेली रोटरभोवती दोरासारख्या गुंडाळल्या, पाती दिसेनाशी झाली. ड्रायव्हर ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला आणि कोयत्याने तो पेंढा सोडवत तासभर बसला. पुन्हा सुरू केलं तर खाली दगड लागून दोन पाती मोडली. भाडं तासावर होतं, कोयत्याचा तासही त्यातच धरला गेला. भांडलो नाही, त्याचा काय दोष?

मग जरा माहिती काढली. उभं गवत आणि अंगठ्याएवढं जाड झुडूप कापायचं असेल तर ट्रॅक्टरच्या मागे लागतो तो रोटरी स्लॅशर: लोखंडी छत, त्याखाली आडवी फिरणारी पाती. पाती खिळीवर मोकळी असतात, दगड लागला की मागे दुमडतात, म्हणून लगेच मोडत नाहीत. दुसरा पर्याय मल्चर. त्यात आडव्या दांड्यावर हातोड्यांची रांग असते आणि तो सगळ्याचा भुगा करतो. काम सुंदर, पण जड असतो, ताकद जास्त मागतो आणि दगडाळ माळावर हातोड्यांची वाट लागते. मी स्लॅशर ठरवला.

किती फूट रुंदीचा घ्यायचा हा हिशेब ट्रॅक्टरवरून ठरतो. साधारण धरायचं ते फुटामागे पाच एचपी, तीही पीटीओला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, मिळणारी. इंजिनावर लिहिलेली सगळी ताकद पीटीओपर्यंत पोचत नाही. गावातला 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर म्हणून बाद झाला. ओळखीतला 45 एचपीचा भाड्याने मिळत होता, त्याला पाच फुटी. शहापूरकडे एका आंबेबागवाल्याचा जुना स्लॅशर विकायला होता, तो बघायला गेलो. गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल पाझरतंय का, पाती खिळीवर मोकळी हलतात का, दोन्ही बाजूच्या घसरपट्ट्या झिजल्यात का, पुढच्या-मागच्या साखळ्यांचा पडदा शाबूत आहे का, एवढं पाहिलं. पीटीओ आणि स्लॅशर जोडणाऱ्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर नव्हतं, ते आधी नवीन घेतलं. उघड्या शाफ्टमध्ये धोतराचा सोगा किंवा गमछा अडकला तर माणूस सुटत नाही.

शाफ्ट जोडला आणि हायड्रॉलिकने स्लॅशर उचलला तर शाफ्ट आतल्या आत ठोकर खायला लागला. लांबी जास्त होती. तसाच चालवला असता तर गिअरबॉक्स फुटला असता. मुरबाडला वेल्डिंगवाल्याकडे नेऊन शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दोन्ही नळ्या सारख्या मापात कापून घेतल्या. त्याने कापलेल्या टोकांना कानस मारून दिली, "नाहीतर अडकंल," म्हणाला. हे मला सुचलं नसतं.

यंत्र लावण्याआधी दोन दिवस काका आणि मी काठी घेऊन माळ पायाखाली घातला. दगड, खुंट, वारूळ, जिथे जिथे काही सापडलं तिथे बांबूची काठी रोवून जुन्या साडीची चिंधी बांधली. आमच्याकडे फुरसंही असतं, विषारी साप, म्हणून बूट आणि आधी काठी. ऐन आणि खैराची पोरसवदा झाडं होती, तीही चिंध्या बांधून राखली. ही झाडं 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, जमीन स्वतःची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय काकांना ऐन तोडलेला आवडत नाही, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, त्याचे डहाळे लागतात.

पहिला फेरा सहा इंच उंचीवर, लो गिअरमध्ये. थ्रॉटल मीटरवरच्या पीटीओच्या खुणेवर, म्हणजे शाफ्टला मिनिटाला 540 फेरे. ड्रायव्हर डिझेल वाचवायला थ्रॉटल खाली घेत होता, तेव्हा गवत कापलं न जाता नुसतं झोपत होतं. तेवढं सोडलं तर तो माझ्यापेक्षा हुशार. अडचण आली ती भलत्याच ठिकाणी. बांधाशी पोचल्यावर त्याने क्लच दाबला आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. सिंगल क्लचचा जुना ट्रॅक्टर. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण पीटीओ आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. जड पात्यांच्या फिरण्याचा जोर उलटा गिअरबॉक्समधून चाकांना ढकलतो. ब्रेक दाबून, गिअर न्यूट्रलला आणेपर्यंत पुढची चाकं बांधावर चढली होती, खाली काकांचं खाचर. कुणी काही बोललं नाही. मी त्याच दिवशी कल्याणला जाऊन ओव्हररनिंग क्लच आणला. जोर उलटा आला की तो मोकळा फिरतो. आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशीच बसवला असता.

दुसऱ्या फेऱ्यात चिंधी न बांधलेली जुनी काटेरी तार लागली. शिअर बोल्ट तुटला. गिअरबॉक्स वाचवायला आपण आधी तुटायचं, हेच त्याचं काम. ड्रायव्हर टूलबॉक्समधून कडक स्टीलचा बोल्ट काढून घालायला निघाला होता, मी अडवलं. पुढच्या वेळी बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटला असता. योग्य मापाचे सहा बोल्ट माझ्या खिशात होते, संध्याकाळी दोन उरले. एक दगड साखळ्यांखालून सुटून काकांच्या खोपीच्या पत्र्यावर आदळला. तेव्हापासून स्लॅशर चालू असताना पोरंबाळं खालच्या रस्त्यावर. रानमोडीची कापलेली टोकं तिरपी, अणकुचीदार राहतात, त्यातल्या एकाने पुढचा टायरही फोडला.

घाणेरीपुढे मात्र स्लॅशर हरला. वरून कापली की बुडातून चार नवे फुटवे. शेवटी दोन कातकरी गडी लावले. त्यांनी कुदळीने बुंध्याखाली तीन-चार इंचांवर मूळ तोडलं आणि बेटं उपटून मुळं वर करून ठेवली, म्हणजे पुन्हा रुजत नाहीत. करवंदाच्या जाळ्यांना मी हात लावला नाही. मे महिन्यात खायला कोण येतं ते मला माहीत आहे.

गेल्या वर्षी हस्ताचा पाऊस ओसरला आणि जमीन चाक धरायला लागली की लगेच एक फेरा मारला, रानमोडीला फूल यायच्या आत. साडेतीन तास लागले. मी खूश होतो. काका नव्हते. स्लॅशरने बोटभर तुकडे केलेल्या गवताची पेंढी बांधता येत नाही. काकांनी मनात धरलं होतं की माळ मोकळा झाला की पूर्वीसारखं गवत कापून पेंढ्या तबेलेवाल्याला देता येतील. आम्ही वर्षभर यंत्र यंत्र करत होतो, पण हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

आता खालचा, दगड नसलेला दीड एकर विळ्यासाठी सोडलाय. उतारावर स्लॅशर. काकांनी मुरबाडला कुठेतरी कात्रीसारख्या दातांचा कटर बार पाहिलाय, गवत आडवं लांब पाडतो म्हणे. परवा फोनवर पहिला प्रश्न तोच, "तू त्या कात्रीचं बघणार होतास, बघितलंस का?"