गटांच्या याद्या नकोत, माणसांच्या नोंदी हव्यात

ठाणे खाडी आणि येऊर येथे पक्षीनिरीक्षणाला जाणाऱ्या आमच्या मंडळींना ईमेल पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यातली खरी अडचण पत्ते जमवण्याची नसून, एकच माणूस अनेक गटांत असण्याची आहे. ऐरोलीला रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांपैकी काही जण येऊरच्या फेरीलाही येतात, काही जण नोंदी तपासून देतात, तर काही जण केवळ वर्गणी देतात. प्रत्येक गटाची स्वतंत्र यादी ठेवली, तर कोणाचा पत्ता बदलला की तो सगळीकडे बदलावा लागतो आणि कुठे तरी जुनाच राहून जातो.

म्हणून मी ईमॅक्स वापरतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये खुला केलेला ग्नू ईमॅक्स हा मजकूर लिहिण्या-बदलण्याचा संगणक प्रोग्राम (टेक्स्ट एडिटर) वापरणाऱ्याला त्या प्रोग्रामच्याच लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत हवा तसा घडवता येतो. त्यातील ऑर्ग मोडमध्ये, म्हणजे मथळ्यांखाली नोंदी ठेवण्याच्या सोयीत, मी प्रत्येक व्यक्तीची एकच नोंद ठेवतो: मथळ्यात नाव, खाली गुणधर्म म्हणून ईमेल पत्ता आणि मथळ्याच्या शेवटी :खाडी:येऊर:गाडी: अशा खुणा. एक छोटे फंक्शन ती फाइल वाचून खुणांनुसार पत्ते गोळा करते आणि मेलआरसी या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक गटासाठी त्याचे नाव आणि पत्ते अशी एक ओळ लिहिते. पत्र लिहिताना गटाचे नाव टाइप करून स्वल्पविराम दिला की त्या जागी सगळे पत्ते उमटतात. तयार साधन हवे असेल, तर बीबीडीबी या ईमॅक्समधल्या पत्तेवहीतही नोंदीला असे गटनाव जोडता येते.

खुणा मात्र विचारपूर्वक निवडाव्यात. गटाचे नाव लिहिण्यापेक्षा माणूस काय करतो, त्याच्याकडे काय आहे, हे लिहिलेले मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण पहाटे येऊरला जाण्यासाठी वाहने कोणाकडे आहेत हे हवे असेल, तर ‘येऊर+गाडी’ एवढ्या शोधाने तो गट तिथल्या तिथे तयार होतो आणि काम झाल्यावर तो जपून ठेवावा लागत नाही.

गटाचे नाव मी नेहमी बीसीसीच्या रकान्यात घालतो, जेणेकरून एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू नये. शिवाय पत्ता कशासाठी दिला गेला होता, हेही नोंदीत लिहितो. खाडीच्या फेरीसाठी दिलेल्या पत्त्यावर वर्गणीचे पत्र पाठवणे मला मान्य नाही, त्यामुळे वर्गणीची खूण त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय लावत नाही.