नवराबायकोतलं बक्षीसपत्र आणि बँकेचं संमतीपत्र: माझा अनुभव

कर्ज चालू असलेलं घर नवऱ्याने बायकोच्या नावे करायचं असेल, तर बक्षीसपत्राच्या, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता देण्याच्या दस्ताच्या, मसुद्याला हात लावण्याआधी बँकेचं संमतीपत्र मागा. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर तीन महिन्यांचे हेलपाटे वाचले असते. वकिलांनी सांगितलं नाही, बँकेने तर नाहीच, म्हणून मी लिहिते आहे.

व्यवसाय नवऱ्याचा, त्यात वैयक्तिक हमी त्याची. उद्या धंद्याचं देणं घरावर येऊ नये, एवढाच हेतू. आधी वाटलं होतं की साधा करार करू: घर बायकोचं, धंदा नवऱ्याचा. असा करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर करून लोक निर्धास्त होतात, पण नोटरीच्या शिक्क्याने घराची मालकी बदलत नाही. मोबदला नसलेला करार १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम २५ प्रमाणे जवळच्या नात्यात टिकतो, पण तो लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नैसर्गिक प्रेमापोटी केलेला हवा. कलकत्ता उच्च न्यायालयासमोर १९०० साली नवराबायकोतला असाच एक नोंदणीकृत करार आला होता. त्यातच दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता, त्यामुळे प्रेमाचा आधार उरला नाही आणि करार टिकला नाही. म्हणून मसुद्यात जुने वाद, रागाची कारणं यातलं काही लिहू नका. ‘बायको पुढे पोटगी मागणार नाही’ असं कलमही घालू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला आहे.

त्यामुळे आम्ही सरळ बक्षीसपत्र केलं. महाराष्ट्रात राहतं घर नवरा किंवा बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. शहरी हद्दीत बाजारमूल्यावरचा अधिभार वेगळा लागतो, तेव्हा २०० रुपयांतच सगळं होईल असं धरू नका. चलन काढण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात नेमका आकडा विचारा. घर दोघांच्या नावावर असेल तर काही जण हक्कसोडपत्र (सहमालकाने आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) सुचवतात. त्यातली शुल्काची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेसाठी आहे. स्वतः विकत घेतलेल्या फ्लॅटसाठी अविभक्त (जागा वेगळी न केलेल्या) हिश्श्याचं बक्षीसपत्रच करा.

आता बँक.

निबंधक कार्यालय बँकेचं पत्र मागेलच असं नाही. पण गृहकर्जाच्या करारात ‘लेखी संमतीशिवाय हस्तांतर करणार नाही’ अशी अट असते, आणि ती मोडली तर बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकते. पुढे सोसायटीही हेच पत्र मागते. म्हणजे ते टाळता येत नाही. शाखेने गृहकर्ज केंद्राकडे पाठवलं, केंद्राने विधी विभागाकडे. विधी विभाग ग्राहकाशी बोलत नाही, फक्त केंद्राच्या मेलला उत्तर देतो, आणि केंद्रातला माणूस बदलला की अर्ज पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पाच आठवड्यांनी पहिलं पत्र आलं ते घर विकण्यासाठीच्या ठरावीक नमुन्यातलं. त्यात ‘विक्रीस हरकत नाही, कर्ज पूर्ण फेडल्यानंतर’ असं लिहिलं होतं. बक्षीसपत्राला त्याचा काही उपयोग नाही. दुसऱ्या पत्रात बक्षीस हा शब्द आला, पण क्षेत्रफळ चुकलं. मूळ करारनाम्यात ५२.४० चौरस मीटर चटई क्षेत्र, पत्रात ६७७ चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, त्या हिशोबाने चटई ५६४ फूट होतं. बँकेच्या मूल्यांककाने त्यावर २० टक्के धरून बांधीव आकडा लिहिला होता आणि पत्रात तो कुठलाही खुलासा न करता उतरला. दोन कागदांवर दोन क्षेत्रफळं असतील तर पुढे जो तो त्यावर बोट ठेवतो. मला या चुकीचा अजून राग येतो, कारण करारनाम्याची मूळ प्रत बँकेच्याच ताब्यात होती.

तोवर आमची स्वतःची चूक वर आली होती. पत्र आठवड्याभरात मिळेल या भरवशावर बक्षीसपत्रावर आधीच सह्या केल्या होत्या. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. उशीर झाला तर आणखी चार महिने मिळू शकतात, पण त्यासाठी दंड भरून जिल्हा निबंधकांची परवानगी काढावी लागते. दंड नोंदणी शुल्काच्या दहा पटींपर्यंत असू शकतो. बरोबर पत्र १४व्या आठवड्यात हातात आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तुम्ही मात्र सह्या पत्र आल्यावरच करा.

पत्रात काय हवं ते अर्जातच लिहून द्या, नाहीतर बँक आपला नमुना पाठवते. पत्रात हवं ते असं: कर्ज खातं क्रमांक, देणारा आणि घेणारी यांची पॅनवरची नावं, ‘बक्षीसपत्र’ हा शब्द, किती हिस्सा, करारनाम्याचा दस्त क्रमांक व तारीख, क्षेत्रफळ करारनाम्यातल्याच एककात, आणि बँकेचा बोजा कायम राहून बक्षिसाला संमती आहे हे वाक्य. अर्जाला सूची २ ची (दस्त नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत आणि मसुदा जोडा.

बदल्यात बँक बायकोला सहकर्जदार करते आणि पुरवणी करारावर सही घेते. तो ओळ न् ओळ वाचा. नवऱ्याचं व्यवसायकर्ज त्याच बँकेत असेल तर त्यात ‘सर्व येणी’ असं कलम असू शकतं. ते तसंच राहिलं तर घर व्यवसायकर्जालाही तारण ठरतं आणि ज्यासाठी हे सगळं केलं तेच हातचं जातं. बोजा फक्त या गृहकर्ज खात्यापुरता आहे असं लिहून घ्या. आमच्याकडून सही घेणाऱ्याने पान उघडून फक्त सही करायची जागा दाखवली होती; आम्ही कागद घरी नेऊन वाचले आणि कलम बदलून घेतलं.

नोंदणीचा दिवस अर्ध्या तासात संपला. पब्लिक डेटा एंट्री (दस्ताची माहिती ऑनलाइन भरणं) घरी केली, चलन ऑनलाइन भरलं, दस्त हाताळणीचं शुल्क पानांप्रमाणे दिलं. दोन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं न्यायची. बक्षीस स्वीकारल्याचं वाक्य आणि घेणारीची सही दस्तातच असू द्या, कारण देणाऱ्याच्या हयातीत स्वीकार झाला नाही तर बक्षीस रद्दबातल होतं. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशी अट टिकत नाही. दिलं ते दिलं, हे नवऱ्याने आधी नीट समजून घ्यावं. दोघांचे वकील वेगळे असले तर उत्तम. पुढे दबावाचा आरोप झाला तर त्याचा उपयोग होतो.

सोसायटीने हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) मागितलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे हस्तांतर असेल तर ते घेता येत नाही. हस्तांतर शुल्क ५०० रुपये मात्र द्यायचं.

एक गोष्ट खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवी होती. देणी थकलेली असताना, नोटीस आल्यावर किंवा दावा लागल्यावर बक्षीसपत्र करू नका. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली न्यायालयात रद्द करून घेता येतं. आम्ही दस्ताच्या तारखेचं सीएने दिलेलं देण्याघेण्याचं विवरण जपून ठेवलं आहे: त्या दिवशी किती येणं होतं, किती देणं, हप्ते वेळेवर होते का. व्यवसायकर्ज घेताना बँकेला दिलेल्या मालमत्तेच्या यादीत हेच घर दाखवलं असेल, तर बक्षीस दिल्यावर नवी यादी देऊन पोच घ्या. हमी मात्र बक्षीसपत्राने सुटत नाही. ती देणाऱ्याच्या बाकीच्या मालमत्तेवर उभीच राहते.

प्राप्तिकराचंही लक्षात ठेवा. नवऱ्याकडून मिळालेल्या घरावर बायकोला कर नाही, पण ते भाड्याने दिलं तर भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

विमा अजून काढायचा असेल तर प्रस्ताव भरतानाच १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याचा पुरवणी फॉर्म मागा. पैसा बायको-मुलांच्या न्यासाचा (ट्रस्टचा) होतो आणि एरवी नवऱ्याच्या घेणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. चालू पॉलिसीला हे नंतर जोडता येत नाही, आणि विमा प्रतिनिधी स्वतःहून हा फॉर्म क्वचितच पुढे करतो.