दिवा लागतो, पुढचं माहीत नाही

‘वायर लावल्यावर दिवा लागतो. पुढचं काही तपासलेलं नाही. आहे तसं विकतोय.’ ईबे या लिलावाच्या साइटवर जुनी नेटवर्क स्टोरेजची यंत्रं विकणाऱ्यांचं हे लाडकं वर्णन. आता मला सांगा, ज्या माणसाने वायर शोधली, यंत्र प्लगपर्यंत उचलून नेलं, दिवा लागलेला बघितला, वर त्याचा फोटो काढला, तो नेमका पुढचं बटण दाबतानाच कंटाळला? तपासलंय हो त्याने. सगळं तपासून झाल्यावरच हे वर्णन लिहायला बसलाय.

तरी मी बोली लावतो.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या यंत्राला नास म्हणतात, म्हणजे चार, पाच किंवा आठ हार्ड डिस्क बसतील असा एक डबा. तो घरच्या राउटरला जोडायचा आणि पोरांच्या गॅदरिंगच्या व्हिडिओपासून बाबांनी साताऱ्याहून स्कॅन करून पाठवलेल्या सातबाऱ्यांपर्यंत सगळं त्यात कोंबायचं. नवा आठ कप्प्यांचा डबा रिकामाच हजार डॉलरच्या घरात जातो, डिस्कचे पैसे वेगळे. इथे अमेरिकेत कंपन्या मात्र हमी संपली, भाडेपट्टा संपला की चालू सामान उचलून भंगारवाल्याला देतात. तो माल धुऊनपुसून ईबेवर येतो. आणि आमच्यासारखे न्यू जर्सीच्या तळघरात सर्व्हर पाळणारे लोक त्याची वाट बघत बसलेले असतात.

विकणारे दोन जातींचे. एक गोडाऊनवाले. यांच्याकडे एकाच मॉडेलचे चाळीस नग असतात आणि चाळिसांना मिळून एक फोटो. दुसरे घरगुती. यांच्या फोटोत डबा जेवणाच्या टेबलावर असतो, मागे नाश्त्याच्या सिरियलचं खोकं, कोपऱ्यात मांजराची शेपटी. माझा भरवसा मांजरवाल्यांवर जास्त. पण फोटो मोठा करून बघायचा तो पुढच्या बाजूचा, कप्प्यांचा. डिस्क ज्या ट्रेमध्ये बसवून आत सरकवतात ते ट्रे हमखास गायब असतात. वर्णनात त्याबद्दल अक्षर नसतं, पण फोटोत तिथे आठ काळी भोकं दिसतात. आणि काही जुन्या मॉडेलांचे सुटे ट्रे घ्यायला जावं, तर डब्यापेक्षा ट्रेच महाग पडतात. कुलपाच्या किल्ल्या तर कधीच नसतात. त्या जातात कुठे, हे एक कोडंच आहे.

मोडकं विकायची परंपरा मात्र ईबेची अगदी जन्मापासूनची. 1995 साली पियरे ओमिड्यारने ही साइट काढली, तेव्हा तिचं नाव ऑक्शनवेब होतं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे त्याचा स्वतःचा बिघडलेला लेझर पॉइंटर. तो गेला 14 डॉलर 83 सेंटला. ओमिड्यारला राहवेना. हा बंद आहे हे तुम्हाला कळलंय ना, असं त्याने घेणाऱ्याला विचारलं, तर उत्तर आलं की मी बंद पडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. या गृहस्थांचे वंशज आज स्टोरेजच्या धंद्यात आहेत.

बोलीची रीतही मजेशीर आहे. तुम्ही तुमचा वरचा आकडा गुपचूप सांगून ठेवायचा. समोरचा जेवढा चढेल त्याच्या वर एक पायरी, एवढंच संगणक तुमच्या वतीने चढत जातो. आपल्याकडे बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदा चालायचा, भोवतालच्या गर्दीला आकडा कळायचा नाही. तसंच हे, फक्त उपरणं कंपनीचं. विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने 1961 मध्येच दाखवून दिलं होतं की जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच पैसे भरायचे असतील, तर प्रत्येकाने आपल्या मनातला खरा आकडा सांगून टाकावा, त्यातच शहाणपण. त्याला 1996 साली नोबेल मिळालं. म्हणजे शास्त्राप्रमाणे खरा आकडा लिहायचा आणि झोपायला जायचं.

कोणी जात नाही. चार दिवस त्या डब्याकडे कुत्रं फिरकत नाही आणि शेवटच्या दहा सेकंदांत पाच जण तुटून पडतात. त्यातून विकणारा कॅलिफोर्नियाचा असला, तर त्याच्या रात्री अकराला संपणारा लिलाव आमच्याकडे पहाटे दोनला संपतो. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी यावर अभ्यासच केला. ॲमेझॉनही त्या काळी लिलाव चालवायचं आणि तिथे शेवटच्या घटकेला बोली आली की वेळ वाढवून मिळायची. तिथे ही झुंबड बरीच कमी होती. ईबेवर घड्याळ थांबत नाही, म्हणून माणसं जागतात. ‘सकाळी नाही का घेता येणार तो डबा?’ हा आमच्या घरातला प्रश्न तर्काला धरून आहे, पण त्याला उत्तर नाही.

डिस्क जुन्या घेतल्या तर पहिलं काम म्हणजे त्या किती तास चालल्या ते बघणं. वर्षाचे 8,760 तास. चाळीस हजार तास दिसले की समजायचं, ही बाई साडेचार वर्षं रात्रंदिवस फिरतेय. हा आकडा डिस्क स्वतःच लिहून ठेवते, त्यामुळे लोक त्याला पंचांगासारखा मानत. मग 2025 च्या सुरुवातीला जर्मनीतून बातमी आली की सीगेट कंपनीच्या वापरलेल्या डिस्क काही दुकानांतून नव्या म्हणून खपवल्या जात होत्या आणि त्यांचे तास पुसून शून्य केले होते. चोरी पकडली गेली ती डिस्कमधल्याच दुसऱ्या एका नोंदवहीमुळे. तिला फार्म म्हणतात, आणि पुसणाऱ्यांचा हात तिथवर पोचला नव्हता. तेव्हापासून आम्ही दोन्ही वह्या मागतो.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. आधीच्या मालकाचं काय काय आत राहिलंय? एमआयटीच्या सिमसन गारफिंकल आणि अभि शेलट यांनी 158 जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले. 129 चालू निघाल्या, आणि त्यातल्या नीट पुसलेल्या होत्या फक्त 12. एक तर एटीएममधली होती. याला जमाना झाला म्हणावं, तर मॉर्गन स्टॅनलीसारख्या बँकेने जुनं सामान हलवायचं काम अशा कंपनीला दिलं होतं की जिला माहिती पुसण्याचा अनुभवच नव्हता. ग्राहकांच्या माहितीसकट डिस्क लिलावाच्या साइटवर पोचल्या, आणि 2022 मध्ये बँकेला साडेतीन कोटी डॉलर दंड झाला. मी आलेली प्रत्येक डिस्क आधी पूर्ण पुसतो, आत काय आहे ते न बघता. एका डिस्कला दीड दिवस लागतो. लागू दे.

लोक विचारतात, परक्याच्या झिजलेल्या डिस्कवर मुलांचे फोटो ठेवतोस, भीती नाही वाटत? वाटते ना! म्हणून तर सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डब्यात असते आणि तिसरी भावाच्या घरी. कोरी करकरीत डिस्क घेणारा माणूस निर्धास्त असतो, प्रती काढत नाही, आणि ती सहाव्या महिन्यात गेली की कपाळाला हात लावतो. जुन्या मालाने अविश्वास शिकवला, आणि तो मला फार स्वस्तात मिळाला.

विजेचं मात्र कोणी सांगत नाही. चाळीस डॉलरला मिळालेला रॅकमधला सर्व्हर नुसता चालू ठेवला आणि शंभर वॅट जरी खात राहिला, तरी वर्षाला 876 युनिट झाली. सतरा-अठरा सेंटच्या दराने दीडशे डॉलर. शिवाय त्याचे ते चिमुकले पंखे. सुरू केला की विमान सुटतंय असं वाटतं.

मनापासून आवडलेली खरेदी एकच, सिनॉलॉजी कंपनीचा डीएस1815+ हा आठ कप्प्यांचा नास. विकणाऱ्याने लिहिलं होतं, निळा दिवा नुसता लुकलुकतो, सुरू होत नाही, कारण कळत नाही. मला कळत होतं. इंटेलच्या ॲटम सी2000 या चिपमध्ये घड्याळाचा सिग्नल कालांतराने मरायचा आणि यंत्र उठायचंच बंद व्हायचं. 2017 मध्ये हे बाहेर आलं, तोवर ती चिप कित्येक कंपन्यांच्या यंत्रांत बसली होती. हौशी लोकांनी उपाय शोधला तो शंभर ओहमच्या एका रेझिस्टरचा. मदरबोर्डवरच्या नेमक्या दोन पिनांमध्ये तो डाखायचा. किंमत काही सेंट, आकार तांदळाच्या दाण्याएवढा. भिंग लावून, श्वास रोखून एक पाय चिकटवावा, तर दुसरा सुटतो. शेवटी दोन्ही बसले, झाकण न लावताच बटण दाबलं. लुकलुक थांबली, दिवा स्थिर झाला आणि पाठोपाठ एक ‘बीप’ आला.

तो आल्यावर आधीचा चार कप्प्यांचा डबा विकायला काढला. ठरवलं, आपण सगळं खरं लिहायचं. किती तास चाललाय, कुठे ओरखडा आहे, कुठला पंखा नवा घातलाय, ट्रे चारही आहेत, किल्ल्यासुद्धा आहेत, प्रत्येक कप्प्यात डिस्क घालून बघितली आहे. दोन वह्यांचे फोटो जोडले. चार दिवस एकही बोली नाही. पाचव्या दिवशी टेक्सासमधून एकाचा मेसेज आला, ‘सगळं इतकं चांगलं आहे, तर विकताय कशाला?’