सा. न. वि. वि. ते मॉस्को

सध्या लातूरला घरी बसून डिप्लोमॅटिक नोटांचं, म्हणजे मंत्रालयं अन् दूतावास एकमेकांना धाडतात त्या सरकारी पत्रांचं, इंग्रजीतून रशियन करायची प्रॅक्टिस चालूय आणि डोकं पार आउट झालंय. नोट सुरूच होते अमुक मंत्रालय तमुक दूतावासाला कॉम्प्लिमेंट्स सादर करतं अशी, आता तिथं तुम्ही 'कोम्प्लिमेंत' ठोकलंत की गेलात कामातून, कारण रशियनमध्ये तो म्हणजे दिसण्याबिसण्याचं कौतुक. तिथं लागतं 'स्विदेतेल्स्त्वुएत स्वयो उवाझेनिये', शब्दशः 'आपल्या आदराची साक्ष देतं'. अण्णा म्हणले काय करायलास रे एवढं, सांगितलं तर म्हणले, "आरं मग हे आपलं सा. न. वि. वि.च की!" विषय संपला.

सेफ्टी अन् सिक्युरिटीनं तर लई छळलं. रशियनमध्ये दोन्हीला 'बेझापास्नस्त'. म्हणून अणुऊर्जेच्या कागदात सिक्युरिटीला आधी 'फिझिचेस्काया' जोडतात, नाहीतर अपघात टाळायचाय का चोर, कळायचंच नाही.

आणि तो इंग्रजीतला 'द' (the)! 1967 चा सुरक्षा परिषदेचा 242 नंबरचा ठराव बघा, इस्रायलनं व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यायची, पण इंग्रजीत 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही, म्हणून सगळे प्रदेश का काही, यावर अजून भांडण चालूय. फ्रेंचमध्ये वाचलं तर सगळेच वाटतात. रशियनमध्ये 'द' प्रकारच नाही, आपल्या मराठीसारखंच, त्यामुळं तिथं अनुवादक बिचारा काय दाखवणार अन् काय लपवणार.