बाबांची छोटी गोळी

आज बाबांच्या लिम्फोमावरचं, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवरचं, रिटुक्सिमॅब या औषधाचं शेवटचं सलाइन झालं. वाटलं, सुटलो. पण डॉक्टर म्हणाल्या, "एन्टेकॅव्हिर, ती हिपॅटायटिस बी दाबून ठेवणारी गोळी, अजून किमान वर्षभर. एकही दिवस चुकवायचा नाही."

बाबांना कावीळ झाल्याचं आईलाही आठवत नाही. एचबीएसएजी (रक्तातला हिपॅटायटिस बी विषाणूचा अंश) निगेटिव्ह, अँटी-एचबीसी (त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं) मात्र पॉझिटिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बी कधीतरी येऊन गेला आणि यकृतात दबा धरून राहिला. रिटुक्सिमॅब बी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी, पुसून टाकतं. पहारा उठला की विषाणू उसळू शकतो, यकृत निकामी होण्यापर्यंत. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेनं, एफडीएनं, २०१३ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात याचाच ठळक, चौकटीतला इशारा द्यायला लावला.

पहिल्या सलाइनआधी ती दुसरी, अँटी-एचबीसीची तपासणी झाली म्हणून कळलं. कुणाकडे केमो सुरू होणार असेल तर दोन्ही तपासण्यांचं आवर्जून विचारा.

ही गोळी रिकाम्या पोटी. बाबांनी रात्री साडेदहाचा गजर लावलाय.