सरांनी शिकवलेले मंडेला

सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेबद्दल लिहायला बसलो, पण लिहून होतंय ते इतिहासाच्या सरांबद्दलच. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. सर आज नाहीत, म्हणून हे ऋण इथं मांडतो.

१२ फेब्रुवारी १९९०, सोमवार. आम्ही नववीत होतो. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या सरकारच्या वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेल्सन मंडेला २७ वर्षांनी तुरुंगातून सुटले, ही बातमी सरांनी आदल्या रात्री रेडिओवर ऐकली होती. पेपर गावात दुपारच्या एसटीनं यायचा. तोवर थांबायला सर तयार नव्हते. आफ्रिकेचा कापडी नकाशा घेऊन ते वर्गात आले. भिंतीवरचा खिळा निघालेला. सरांनी मला आणि आमच्या वावराच्या शेजाऱ्याच्या पोराला उठवलं. आमच्या दोन घरांत धुऱ्याचं भांडण, प्रकरण तहसीलीत गेलेलं. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, हे साऱ्या गावाला ठाऊक.

"एकेक टोक धरा. एकट्यानं सोडलं तर आफ्रिका पडते."

रॉबेन बेट त्या नकाशात नव्हतं. सरांनी केपटाऊनजवळच्या समुद्रात पेनानं निळा ठिपका दिला आणि सांगत राहिले. त्या बेटावर मंडेलांनी १८ वर्षं काढली. चुनखडीच्या खाणीत राबताना पांढऱ्या चकाकीनं डोळे अधू झाले. सुरुवातीला सहा महिन्यांतून एक पत्र मिळायचं. तरी पहारेकऱ्यांची आफ्रिकान्स भाषा ते शिकले. उद्या ज्यांच्याशी बोलणी करायची, त्यांचं मन कळायला हवं म्हणून. १९८५ साली सरकार म्हणालं, हिंसेचा मार्ग सोडल्याचं जाहीर करा, सोडतो. त्यांनी नाकारलं. ते उत्तर त्यांच्या मुलीनं सोवेटोच्या सभेत वाचलं: माझे लोक बंधनात असताना माझ्या एकट्याच्या सुटकेला अर्थ नाही, असा त्याचा आशय.

"हात दुखून राहिले का रे?" सरांनी विचारलं. दोघंही नाही म्हणालो. माझं टोक हळूहळू खाली येत होतं. त्यानं मुकाट्यानं आपलंही तेवढंच खाली घेतलं. सरांनी ते पाहिलं आणि पुढं शिकवू लागले.

१९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या सरकारी वकिलानं त्यांच्यावर खटला चालवला होता, त्या पर्सी युटार यांना १९९५ मध्ये त्यांनी जेवायला बोलावलं. सर अशी कात्रणं जपून ठेवत आणि आम्ही भेटलो की दाखवत. १९९९ मध्ये एकाच कार्यकाळानंतर मंडेला पायउतार झाले, तेव्हा सर म्हणाले, "मरेपर्यंत त्यांना कोणी उठ म्हटलं नसतं बाप्पा, तरी उठले."

पुढं मी सरपंच झालो. विरोधी पॅनलच्या प्रमुखानं माझ्याविरुद्ध अर्जावर अर्ज केले होते. निवडून आल्यावर पहिला चहा त्याच्याच घरी घेतला. धुऱ्याचं प्रकरण आम्ही दोघा वर्गमित्रांनी मागं घेतलं, दोन्हीकडून जागा सोडून पांदण मोकळी केली. आज साऱ्या शिवाराचा कापूस त्याच पांदणीनं बाहेर निघतो. दुसऱ्यांदा उभं राहा असा आग्रह झाला, तेव्हा तरुणांना पुढं केलं.

हल्ली गावातली बरीच पोरं व्हॅननं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. आपल्या शाळेतल्या मुलांना विचारलं तर सांगतात, परीक्षा जवळ आली की इतिहासाचा तास गणिताला जातो. संचालक मंडळाला हात जोडून विनंती आहे, तो तास इतिहासालाच राहू द्या.